कणखर हात, पण किती दिवसांसाठी?

सीमेवर तणाव वाढला किंवा एखाद्या शहरात स्फोट झाला, की चार दिवसांत वाहिन्यांवर आणि समाजमाध्यमांवर दोन प्राचीन शहरांची नावं ऐकू येऊ लागतात. अथेन्स बोलत बसलं आणि बुडालं. रोमने अधिकार मोजक्या हातांत दिले आणि जग जिंकलं. तेव्हा देश सुरक्षित हवा असेल तर चर्चा आवरा, कायदे कडक करा, नेत्याचे हात मोकळे सोडा. समोरून येणारं उत्तरही बहुधा तेवढंच उथळ असतं: अथेन्स ही लोकशाहीची जननी, रोम म्हणजे साम्राज्यशाही, विषय संपला. पहिल्या पक्षाने रोम नीट वाचलेलं नाही आणि दुसऱ्याने अथेन्स. अथेन्सच्या सभेत स्त्रियांना, गुलामांना आणि पिढ्यानपिढ्या शहरात राहणाऱ्या परक्यांना जागा नव्हती, आणि मित्रराज्यांकडून वसूल केलेल्या खंडणीवर ती लोकशाही पोसली जात होती. उलट रोमचं साम्राज्य बरंचसं उभं राहिलं ते सम्राट येण्याआधी, दरवर्षी निवडणुका घेणाऱ्या गणराज्याच्या काळात. या दोन शहरांकडून सुरक्षेबद्दल काही शिकायचं असेल तर सत्ता किती हातांत होती हे मोजून भागणार नाही. दिलेली सत्ता परत घेण्याची तारीख ठरलेली होती का, आणि चुकलेला निर्णय फार उशीर होण्याआधी फिरवता येत होता का, हे पाहावं लागेल. जोवर हे जमत होतं तोवर दोन्ही शहरांनी भयंकर आघात पचवले. जमेनासं झालं तेव्हा दोघांचाही घात घरातूनच झाला.

अथेन्सविरुद्धचा आरोप खोटा नाही, हे आधी मान्य करू. इ.स.पू. ४१५ मध्ये, जुना शत्रू स्पार्टाचा प्रश्न मिटलेला नसताना, अथेन्सच्या नागरिकसभेने सिसिली जिंकायला आरमार पाठवलं. दोन वर्षांत ते आरमार आणि मागून पाठवलेली कुमक दोन्ही नष्ट झाली. सात हजारांवर कैदी सिराक्यूजच्या दगडखाणीत उघड्यावर डांबले गेले. दिवसाला पेलाभर पाणी आणि दोन पेले धान्य एवढ्यावर त्यातल्या कित्येकांना आठ महिने काढावे लागले. इ.स.पू. ४०६ मध्ये याच सभेने अर्गिनुसायची लढाई जिंकून देणाऱ्या आठ सेनापतींना, वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून, एकगठ्ठा मतदानाने मृत्युदंड दिला. हाती लागलेल्या सहा जणांना ठार मारलं. त्यात अथेन्सचा थोर नेता पेरिक्लिस याचा मुलगाही होता. पुढे ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने अथेन्सला कप्तान नसलेल्या जहाजाची उपमा दिली ती उगाच नव्हे. लोकसमूह भडकतो आणि भडकलेला समूह युद्ध चालवू शकत नाही, हा लोकशाहीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि त्याला अथेन्सनेच पुरावे दिलेत.

पण सिसिलीच्या निर्णयात नेमकं काय घडलं? त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीसने त्या सभेचं वर्णन तपशिलाने केलं आहे. मोहिमेला विरोध असलेल्या निकियास या सेनापतीला वाटलं की खर्चाचा मोठा आकडा सांगितला तर लोक बिचकतील. त्याने शंभराहून कमी जहाजं चालणार नाहीत, पाच हजारांहून कमी पायदळ चालणार नाही असं सांगितलं. झालं उलटंच. एवढी तयारी म्हणजे विजय पक्का, असं लोकांनी धरलं आणि उत्साह दुणावला. पुढचं वाक्य मला सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतं: ज्या थोड्यांना हा बेत पटत नव्हता ते, विरोधात हात वर केला तर आपण शहराचे वैरी ठरू या भीतीने, गप्प बसले. अथेन्स फार बोलल्यामुळे सिसिलीत बुडालं असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ज्या दिवशी बोलण्याची सर्वाधिक गरज होती त्या दिवशी सभेत विरोधी बाजू उरलीच नव्हती. देशभक्तीच्या कसोटीला घाबरलेली सभा ही सभा राहत नाही, ती मिरवणूक होते.

आणि जेव्हा विरोधी बाजू होती तेव्हा? बारा वर्षं मागे जाऊ. इ.स.पू. ४२७ मध्ये लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनीने अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि ते मोडलं गेलं. संतापलेल्या सभेने ठराव केला: शहरातले सगळे प्रौढ पुरुष मारा, बायकामुलं गुलाम करून विका. त्याच दिवशी ठराव घेऊन जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांचं मन खायला लागलं आणि विषय पुन्हा सभेपुढे आला. क्लिऑन हा नेता कडाडला: लोकशाहीला साम्राज्य सांभाळता येत नाही, आज दया दाखवाल तर उद्या सगळेच उठतील. त्याला उत्तर देणाऱ्या डायोडोटसने दयेचा आधार घेतला नाही. तो म्हणाला, प्रश्न त्यांच्या अपराधाचा नाही, आपल्या हिताचा आहे. शरण आलं तरी मरण आणि लढलं तरी मरण असेल, तर यापुढचं प्रत्येक बंडखोर शहर शेवटच्या माणसापर्यंत लढेल. शिवाय तिथली सामान्य जनता आज आपल्या बाजूची आहे, तिलाच मारलंत तर उद्या आपल्याला मित्र कोण उरणार? थोडक्या मतांच्या फरकाने ठराव फिरला. दुसरं जहाज निघालं तेव्हा पहिलं जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र पुढे होतं. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारता मारताच दारू-तेलात कालवलेलं सातूचं पीठ खाल्लं, आळीपाळीने झोप घेतली. पहिल्या जहाजाला असल्या कामाची घाई नव्हती. सेनापती पाकेस पहिला हुकूम वाचून अंमलाला लागणार, एवढ्यात दुसरं जहाज बंदरात आलं. बंडाच्या म्होरक्यांना अथेन्सने मारलंच, त्यामुळे ही काही करुणेची कथा नव्हे. पण रागाच्या भरात घेतलेला, स्वतःच्याच सुरक्षेला घातक असलेला निर्णय चोवीस तासांत मागे घेणारी यंत्रणा तिथे होती. एकहाती राज्यात डायोडोटसला बोलू कोणी दिलं असतं?

अर्गिनुसायच्या बाबतीतही कथा मृत्युदंडाशी थांबत नाही. प्रत्येक आरोपीचा खटला वेगळा चालला पाहिजे हा नियम त्या दिवशी मोडला गेला. लोकांना हवं ते करू न देणं भयंकर आहे, अशी ओरड सभेत झाली. अध्यक्षमंडळात असलेला सॉक्रेटिस तेवढा अडून राहिला. त्यानंतर युद्ध हरलेल्या अथेन्सवर स्पार्टाच्या पाठबळाने तीस जणांची राजवट आली. हा घ्या अथेन्सचा कणखर हात: जेमतेम आठ महिन्यांत या तीस जणांनी सुमारे दीड हजार माणसं मारली आणि स्वतःच्या रक्षणासाठी शत्रूची शिबंदी अक्रोपोलिसवर आणून बसवली. इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आली तेव्हा तिने दोन गोष्टी केल्या. म्होरके वगळता बाकीच्यांवर जुन्या गुन्ह्यांचा सूड न उगवण्याची शपथ सगळ्यांनी घेतली. आणि यापुढे सभेचा कुठलाही ठराव कायद्याच्या वरचढ ठरणार नाही, असं पक्कं केलं. ज्या खिंडारातून अर्गिनुसायचा अन्याय आत आला होता ते बुजवण्याचाच हा प्रयत्न. ही सुधारलेली लोकशाही पुढे ऐंशी वर्षं टिकली.

स्पार्टाचं काय, असं कोणी विचारेल. ग्रीस म्हणजे एकटं अथेन्स नव्हे, आणि सुरक्षेलाच धर्म मानणारं राज्य हवं असेल तर स्पार्टाइतकं चोख उदाहरण नाही. तिथे दरवर्षी नवे एफर, म्हणजे निवडून आलेले सर्वोच्च अधिकारी, पदावर आले की आपल्याच हेलॉट दासांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना ठार मारलं तरी पाप लागू नये. कोणालाही आपल्यात सामावून न घेणाऱ्या या शहरात इ.स.पू. ४८० च्या सुमारास आठ हजार पूर्ण नागरिक होते. इ.स.पू. ३७१ च्या ल्युक्ट्राच्या लढाईत त्यांचे फक्त सातशे उतरले आणि त्यातले चारशे पडले. लगेचच थीब्जच्या एपामिनोंडासने मेसेनियातले हेलॉट मुक्त केले आणि स्पार्टाची सद्दी कायमची संपली.

आता रोम. कणखर हाताच्या समर्थकांचा मुख्य साक्षीदार म्हणजे रोमचा डिक्टेटर. संकटात एकाच माणसाला सर्वाधिकार, आणि म्हणून रोम वाचलं. साक्ष खरी आहे, पण अर्धीच. हे पद जास्तीत जास्त सहा महिन्यांचं होतं. इ.स.पू. २१७ मध्ये ट्रासिमीन सरोवराकाठी कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमचं सैन्य कापून काढल्यावर फेबियस डिक्टेटर झाला. त्याने समोरासमोर लढाई टाळून हॅनिबलला थकवण्याचं धोरण धरलं. लोक चिडले आणि त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याला त्यांनी त्याच्या बरोबरीचे अधिकार दिले. तरी फेबियसने ना कोणाला तुरुंगात टाकलं ना मुदत वाढवून मागितली. सहा महिने संपले तसा तो पायउतार झाला. पुढच्या वर्षी कॅनीच्या लढाईत दोन कॉन्सल (दरवर्षी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी) आळीपाळीने, एक दिवसाआड सेनापती होते आणि त्या विभागलेल्या नेतृत्वाची किंमत रोमने मोजली, हेही मान्य. रोमन इतिहासकार लिव्हीच्या हिशेबाने एका दिवसात अठ्ठेचाळीस हजार माणसं गेली. पण खरा प्रश्न कॅनीनंतरचा आहे. इतका मोठा आघात झालेल्या राज्याने काय करावं, असं आजचे वाहिनीवरचे तज्ज्ञ सांगतील? रोमने युद्ध चालवायला एक डिक्टेटर नेमला, तो मुदतीसाठी, आणि त्यानंतर पुन्हा नेहमीचे कॉन्सल. हॅनिबल पंधरा वर्षं इटलीत होता आणि त्या पंधरा वर्षांत कॉन्सलची निवडणूक एकदाही चुकली नाही. नियम वाकवले गेले, अनुभवी माणसांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, सेनापतींच्या मुदती वाढवल्या. पण प्रत्येक वाढ सेनेटने किंवा सभेने, ठराविक काळासाठी दिलेली होती. इ.स.पू. २११ मध्ये हॅनिबल रोमच्या वेशीपर्यंत आला तेव्हा त्याचा तळ ज्या जमिनीवर पडला होता ती जमीन नेहमीच्याच भावाने विकली गेली, असं लिव्ही सांगतो. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही. पण असा विश्वास शहरात होता म्हणून तर ती सांगितली गेली.

हॅनिबलचा सगळा डाव एका अंदाजावर होता: रोम दोनचार वेळा हरलं की इटलीतली मित्रराज्यं त्याला सोडून जातील. कापुआ गेलं, दक्षिणेतली आणखी काही शहरं गेली, पण मध्य इटली हलली नाही. लॅटिन वसाहतींना रोमच्या हक्कांत वाटा होता आणि पुढे आणखी मिळण्याची आशा होती. मित्रांवरही खंडणीदार म्हणून राज्य करणाऱ्या अथेन्सला हे कधी जमलं नाही; सामोस बेटाच्या लोकांना त्याने नागरिकत्व दिलं ते इ.स.पू. ४०५ मध्ये, सगळं आरमार गमावल्यावर. रोमही यात नेहमी शहाणं होतं असं नव्हे. नागरिकत्व नाकारलं म्हणून इ.स.पू. ९१ मध्ये इटलीतल्या मित्रांनी शस्त्र उचललं आणि हॅनिबलनंतरचं सर्वांत मोठं संकट उभं राहिलं. पण युद्ध चालू असतानाच, पुढच्याच वर्षी, रोमने कायदा करून निष्ठावंत मित्रांना नागरिकत्व देऊन टाकलं. चूक कळली आणि ती रणांगणावर पूर्ण हरण्याआधी सुधारली. पुढे इ.स. ४८ मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) सरदारांना सेनेटमध्ये घ्यावं म्हणून सम्राट क्लॉडियस बोलला. इतिहासकार टॅसिटसने दिलेल्या त्या भाषणात तो विचारतो, शस्त्रबळ असूनही स्पार्टा आणि अथेन्सचा नाश कशाने झाला, जिंकलेल्यांना त्यांनी कायम परकं मानलं म्हणूनच ना?

आणखी एक आकडा कणखर हातवाल्यांनी ध्यानात ठेवावा. इ.स.पू. २०२ नंतर रोमने थेट इ.स.पू. ८२ पर्यंत, म्हणजे एकशेवीस वर्षं, डिक्टेटर नेमलाच नाही. मॅसिडोनिया, कार्थेज, कॉरिंथ, सगळं याच काळात पडलं. रोमची सर्वांत मोठी झेप सर्वाधिकाऱ्याशिवाय झाली. आणि इ.स.पू. ८२ मध्ये ते पद परत आलं ते कोणत्याही परकीय संकटामुळे नव्हे. स्वतःच्याच शहरावर सैन्य घालून सत्ता घेतलेल्या सुल्लासाठी, आणि मुदतीशिवाय. त्याच सुमारास मारायच्या माणसांच्या याद्या चौकात लागल्या.

तरीही चाच्यांचं उदाहरण माझ्या म्हणण्याविरुद्ध जातं, आणि ते टाळणं बरं नव्हे. भूमध्य समुद्रातल्या चाच्यांनी रोमची धान्याची जहाजं अडवली तेव्हा इ.स.पू. ६७ च्या गॅबिनियसच्या कायद्याने सेनापती पॉम्पीला अख्ख्या समुद्रावर आणि किनाऱ्यापासून पन्नास मैल आतपर्यंत तीन वर्षांसाठी अधिकार दिले. त्याने तीन महिन्यांत समुद्र मोकळा केला. इतकं साफ यश सुरक्षेच्या इतिहासात क्वचित दिसतं. विरोध करताना ज्येष्ठ सेनेटर कॅटुलसने लोकांना विचारलं, पॉम्पीचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहाल? लोक ओरडले, तुझ्या! त्या उत्तरात कॅटुलसचा मान होता आणि प्रजासत्ताकाचा रोगही: यंत्रणेवरचा विश्वास उडून तो व्यक्तीवर जडला होता. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला, तो याच रोगाबद्दल. पुढच्याच वर्षी पॉम्पीला पूर्वेचं युद्ध मिळालं. मग सीझरला गॉल, पाच वर्षांसाठी. मग आणखी पाच. सेनापती वाढत गेले आणि गणराज्याला नाकापेक्षा मोती जड झाला. गॅबिनियसच्या कायद्यानंतर अठरा वर्षांनी सीझरने इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी सैन्यासह ओलांडली. तिथून त्याच्या डिक्टेटरपदाचा प्रवास पाहा: इ.स.पू. ४९ मध्ये अकरा दिवस, मग एक वर्ष, मग दहा वर्षं, आणि इ.स.पू. ४४ मध्ये तहहयात. प्रत्येक पायरीला त्या वेळचं कारण पटण्यासारखं होतं.

पायंडा कसा पडतो याचं सर्वांत बोलकं उदाहरण सिसेरोचं. इ.स.पू. ६३ मध्ये सत्ता उलथवण्याचा कॅटिलिनाचा कट उघड झाला. कट खरा होता, पुरावा हाती होता. सेनेटचा पाठिंबा घेऊन त्या वर्षी कॉन्सल असलेल्या सिसेरोने पाच नागरिकांना खटल्याविना तुरुंगात गळा आवळून मारवलं. कटवाल्यांसाठी कोणी अश्रू ढाळावेत असं नाही. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. पाच वर्षांनी याच कृत्यासाठी सिसेरोला देश सोडावा लागला, त्याचं घर पाडलं गेलं. आणखी पंधरा वर्षांनी, खटल्याविना मारायच्या नव्या यादीत त्याचंच नाव होतं. त्याचं शीर आणि हात त्याच्याच भाषणांच्या व्यासपीठावर टांगले गेले.

यावर शेवटचा बचाव असतो तो दोनशे वर्षांच्या रोमन शांततेचा. सम्राटांनी सीमा राखल्या, रस्ते सुरक्षित केले, हे खरंच. पण त्या सुरक्षेचा आधार कोणता? सम्राटाच्या रक्षणासाठी ठेवलेल्या प्रेटोरियन सैन्याच्या अधिकाऱ्यांनीच इ.स. ४१ मध्ये कॅलिग्युलाला मारलं. इ.स. ६९ या एका वर्षात चार सम्राट झाले. इ.स. १९३ मध्ये त्याच सैन्याने गादीचा लिलाव पुकारला आणि डिडियस ज्युलियानसने शिपायामागे पंचवीस हजार सेस्टर्स बोलून ती घेतली. तो सहासष्ट दिवस टिकला. इ.स. २३५ पासूनच्या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट आले आणि बहुतेकांना आपल्याच माणसांनी संपवलं, तेही सीमेवर गॉथ आणि पर्शियन उभे असताना. सत्ता बदलण्याची ठरलेली तारीख काढून टाकली की तलवार हीच तारीख ठरवते.

हे फार दूरचं वाटत असेल तर आपल्या घरात पाहू. चीनशी युद्ध नोव्हेंबर १९६२ मध्ये थांबलं. त्यासाठी ऑक्टोबरात पुकारलेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत चालली. १९७१ चं युद्ध दोन आठवड्यांत संपलं. त्याची आणीबाणी १९७७ पर्यंत उठलीच नाही, आणि तिच्यावर १९७५ ची दुसरी चढवली गेली. निमित्त सुरक्षेचं, आणि तुरुंगात गेले ते विरोधी नेते, पत्रकार, विद्यार्थी. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मग मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला, महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता आणि दर सहा महिन्यांनी नव्याने मंजुरी बंधनकारक केली. सहा महिने, म्हणजे रोमच्या डिक्टेटरची मुदत. अर्थात नुसती तारीख पुरत नाही. सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा १९५८ चा कायदा ज्या भागांत लागू आहे तिथे सहा-सहा महिन्यांच्या अधिसूचना निघतात, पण चर्चेविना काढलेली मुदतवाढ हा केवळ कारकुनी सोपस्कार होतो आणि माणसांच्या पिढ्या त्याखाली वाढतात. अमेरिकेने तर तारीख घातलीच नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांत बळ वापरण्याचा अधिकार अध्यक्षांना देणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. एकट्या खासदार बार्बरा ली विरोधात उभ्या राहिल्या आणि त्यांना देशद्रोही ठरवणारी पत्रं आली. साठ शब्दांच्या त्या कलमाखाली पुढची दोन दशकं, ठरावात नावही नसलेल्या देशांत लष्करी कारवाया झाल्या. निकियासच्या सभेत जो हात वर आला नाही, तो इथे एकच आला.

क्षेपणास्त्रांच्या काळात निर्णय मिनिटांत घ्यावे लागतात, तिथे सभा कुठून भरवणार, हा आक्षेप राहतो. रोमने याचं उत्तर शोधलं होतं. रणभूमीवर सेनापतीचा शब्द अखेरचा होता. शहराची पवित्र हद्द ओलांडून आत पाऊल टाकलं की त्याचा लष्करी अधिकार संपे, आणि पद संपल्यावर त्याला न्यायालयात खेचता येई. विमान पाडायचं की नाही हे आजही क्षणात ठरवावंच लागतं आणि तो अधिकार सैन्याकडे, सरकारकडे असलाच पाहिजे. पण एखाद्याला खटल्याविना दोन वर्षं कोठडीत ठेवणं, एखाद्या जिल्ह्यातलं इंटरनेट महिनोन्महिने बंद ठेवणं, युद्धकाळातला कायदा शांततेत चालू ठेवणं, हे निर्णय मिनिटांचे नसतात. त्यांना वेळ असतो. त्या वेळात सरकारला कारणं मांडायला लावता येतात आणि विरोधात बोलणाऱ्याचं ऐकून घेता येतं. मिटिलिनीच्या प्रश्नाला अथेन्सने एक दिवस दिला होता, आणि तोही युद्ध चालू असताना.